मैफल कोणाची?

मैफल सुरू होण्यापूर्वीं दोन तंबोरे जुळविले जातात, हातोडीनें तबला स्वरांत आणला जातो, पेटीवाला एक स्वर धरून पाहतो, आणि मग गाणारा डोळे मिटून षड्ज लावतो. ही तयारी श्रोत्यांना दिसते. परंतु तिच्याहि आधीं एक तयारी झालेली असते, ती कोणाला दिसत नाहीं. बोलावणें कोणाचें आलें, बैठक कोणाच्या घरीं, बिदागी किती, समोर कोण बसणार, फर्माइशी कोण करणार, आणि ‘आतां पुरे’ हें कोणीं म्हणावयाचें, ह्या गोष्टी आधींच ठरून गेलेल्या असतात. पुरुष गवयाच्या बाबतींत हा बहुतांशीं व्यवहार होता. गायिकेच्या बाबतींत ह्या व्यवहारावर तिची अब्रू अवलंबून असे. कोल्हापूर व मिरज ह्या शेजारच्या दोन संस्थानी गांवांशीं ज्यांचा जन्माचा किंवा विद्येचा संबंध होता अशा कांहीं गायिकांनीं विसाव्या शतकांत हा व्यवहार आपल्या हातीं घेतला. त्यांच्या रागदारीची थोरवी अनेकांनीं वर्णिली आहे. येथें सांगावयाची आहे ती त्यांच्या मैफलींची कथा.

कोल्हापूर हें तेव्हां गाण्याचें माहेर होतें. शाहू छत्रपतींनीं १८९५ सालीं अल्लादियाखांसाहेबांना दरबारीं आश्रय दिला, आणि १९२२ सालीं महाराजांचें निधन होईपर्यंत खांसाहेब कोल्हापूरचेच होऊन राहिले. १८८३ पासून चालत आलेल्या देवल क्लबांत जाणकार मंडळी जमत. १९१५ सालीं पॅलेस थिएटर उभें राहिलें. तेंच पुढें केशवराव भोसले नाट्यगृह म्हणून ओळखलें जाऊं लागलें, आणि त्याची जुनी वास्तु ऑगस्ट २०२४ मध्यें आगीच्या भक्ष्यस्थानीं पडली. ह्याच गांवीं १९०० च्या सुमारास गोव्यांतील केरी गांवची आठ वर्षांची एक मुलगी घरच्या माणसांबरोबर आली आणि अब्दुल करीमखांसाहेबांपाशीं आठ महिने शिकली. तीच पुढें केसरबाई केरकर म्हणून सर्व हिंदुस्थानांत गाजली. कोल्हापूरच्याच लक्ष्मीबाई जाधव अल्लादियाखांचे बंधु हैदरखां ह्यांच्यापाशीं शिकून बडोद्याच्या दरबारांत गायिका झाल्या. म्हणजे मुलींना विद्या मिळण्याची सोय, कष्टानें कां होईना, होत होती. अडचण होती ती पुढची. शिकलेली विद्या कोठें गावयाची, आणि कोणाच्या अटीवर?

त्या काळीं गायिकेची मैफल बहुधा खाजगी असे. एखादा सरदार, सावकार किंवा शेटजी आपल्या दिवाणखान्यांत बैठक करी. पैसा त्याचा, पाहुणे त्याचे, आणि म्हणून रात्रहि त्याचीच. गाणें चाललें असतांना पानसुपारी फिरे, मध्येंच गप्पा रंगत, आणि रागाचा विस्तार ऐन भरांत आला असतां कोणी तरी लावणीची फर्माइश करी. गातां गातां भाव करून दाखविणें हेंहि गायिकेच्या कामांत धरलेलें असे. घरंदाज स्त्रिया अशा बैठकीला येत नसत. आल्याच तर पडद्याआडून ऐकत. गाणाऱ्या स्त्रीच्या समोर असा केवळ पुरुषांचा समाज असे, आणि त्यांतील कित्येकांच्या लेखीं तिचें गाणें व तिचें माणूसपण ह्या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. गळ्यांत कितीहि तेज असलें तरी ह्या चौकटीबाहेर तिला पाऊल टाकतां येत नसे.

ही चौकट ज्यांनीं उघडली त्यांत पहिलें नांव हिराबाई बडोदेकर ह्यांचें घ्यावें लागतें. कोल्हापुराहून आगगाडीनें मिरज सुमारें ४७ किलोमीटर. त्या मिरजेंत १९०५ सालीं हिराबाईंचा जन्म झाला. वडील किराणा घराण्याचे अध्वर्यु अब्दुल करीमखां; आई ताराबाई माने, बडोद्याच्या मराठा सरदार घराण्यांतील. १९२२ सालीं ताराबाई पतीपासून विभक्त झाल्या आणि पांच मुलांना घेऊन त्यांनीं स्वतंत्र संसार मांडला. मुलांना नवीं नांवें मिळालीं. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू झाले, चंपाकलीच्या हिराबाई, गुलाबच्या कमलाबाई आणि सकीनाच्या सरस्वतीबाई. कृष्णरावांचें नांव मात्र कायम राहिलें. पाठीशीं ना दरबार, ना पित्याचें नांव. ह्या घरापाशीं भांडवल एकच होतें, तें म्हणजे गळा. ताराबाईंनीं तें भांडवल कोणाच्या दिवाणखान्यांत गहाण टाकलें नाहीं, हें त्यांचें मोठेंपण. सुरेशबाबूंनीं धाकट्या बहिणींना शिकविलें. हिराबाईंना किराणा घराण्याच्याच अब्दुल वहीदखांसाहेबांची कसून तालीम मिळाली.

त्यानंतर हिराबाईंनीं जें केलें तें आज अगदीं साधें वाटेल. त्यांनीं तिकीट लावून गाणें केलें. हिंदुस्थानी संगीतांत तिकीट लावून जाहीर मैफल करणारी पहिली स्त्री असा त्यांचा लौकिक आहे. तिकीट म्हणजे कागदाचा एक चिटोरा. पण त्यानें काय काय बदललें हें पाहण्यासारखें आहे. ज्यानें पैसे भरले तो श्रोता झाला, यजमान झाला नाहीं. शेंकडों लोकांनीं थोडेथोडे पैसे दिले कीं त्यांपैकीं कोणा एकाचा गायिकेवर अधिकार चालत नाहीं. खुर्ची मोजून दिलेली, वेळ ठरलेली, जागा सार्वजनिक. तेव्हां वकिलाची पत्नी, शाळेंतील शिक्षिका, कॉलेजांतली मुलगी, कोणीहि उजळ माथ्यानें येऊन बसावें. आणि समोर स्त्रिया बसल्या कीं सभागृहाचें वळणच पालटतें; भलती फर्माइश करण्याचें धाडस मग कोणाला होत नाहीं.

जागा बदलली तसें बसणेंहि बदललें. हिराबाई साध्या, अंगभर पदर घेतलेल्या वेषांत येत, तंबोऱ्यांच्या मध्यें स्थिर बसत, आणि हातवारे किंवा नेत्रकटाक्ष ह्यांवांचून नुसत्या स्वरानें गात. पुरुष गवई जसा केवळ गाण्यासाठीं बसतो तशी ही स्त्री बसली होती. त्यांचा स्वर कोमल, विस्तार संथ, एकेका स्वराला वेळ देणारा. ख्याल झाल्यावर ठुमरी, भजन, नाट्यपद अशी त्यांच्या कार्यक्रमाची बांधणी असे, त्यामुळें रागदारी न जाणणारा मनुष्यहि रिकाम्या हातानें परत जात नसे. सरोजिनी नायडूंनीं त्यांना ‘गानकोकिळा’ म्हटलें. परंतु नुसत्या गोडव्यानें हें घडलें नाहीं. आपल्याकडे कसें पाहिलें जावें हें गाणाऱ्या स्त्रीनें स्वतः ठरवावें, हा निश्चय त्या गोडव्याच्या मागें होता.

ह्या बहिणींनीं रंगभूमीहि टाळली नाहीं. स्त्री-भूमिका पुरुषांनीं करण्याचा प्रघात अजून पुरता मावळला नव्हता, अशा वेळीं त्या घरच्या नाटक मंडळींत उभ्या राहिल्या. सरस्वतीबाई तर सातव्या वर्षापासूनच नाटकांत काम करूं लागल्या होत्या. नभोवाणी आली तेव्हां १९३३ पासून सरस्वतीबाईंचा आवाज तिच्यावरून ऐकूं येऊं लागला, आणि १९४३ च्या ‘रामराज्य’ चित्रपटांतील त्यांच्या गाण्यानें तो घरोघर पोंचला. नभोवाणीचा ह्या गायिकांना मोठा आधार झाला. तिच्यामुळें दिवाणखान्याचा उंबरठा न ओलांडतां गाणें ऐकणाऱ्याच्या घरीं गेलें. आणि ज्या घरांत गायिकेला बसावयास पाट मिळाला नसता, त्या घरांत तिच्या स्वराला मानाची जागा मिळाली. पुढें हिराबाई पूर्व आफ्रिकेंत गायल्या, आणि १९५३ सालीं चीनला गेलेल्या भारतीय शिष्टमंडळांतहि त्या होत्या. १९६५ सालीं संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९७० सालीं पद्मभूषण हे मान त्यांना मिळाले.

१९६५ च्याच सुमारास हिराबाई व सरस्वतीबाई ह्या दोघी बहिणी एका व्यासपीठावर बसून जोडीनें ख्याल गाऊं लागल्या. हिंदुस्थानी संगीतांत दोन भावांच्या जोड्या लोकांना ठाऊक होत्या. दोन स्त्रियांची जुगलबंदी ही नवी गोष्ट होती. जोडगाणें दिसतें तितकें सोपें नसतें. दोघींचा षड्ज एक असावा लागतो, नाहीं तर एकीचा गळा वर ताणतो किंवा दुसरीचा खालीं दबतो. एकीनें उचललेली आलापाची जागा दुसरीनें तशीच गिरवली तर पुनरुक्ति होते. तिच्याकडे पाठ फिरवली तर राग दुभंगतो. दुसरीनें ती जागा एक पाऊल पुढें न्यावी, आणि दोघींनीं समेवर एकत्र यावें, हें त्यांतलें मर्म. त्यासाठीं दुसरीचें ऐकत असतां स्वतःला थांबवतां यावें लागतें. एका घरांत, एका तालमींत, एका आईच्या नजरेखालीं वाढलेल्या बहिणींना हें थांबणें अंगवळणीं पडलेलें होतें. ज्या समाजानें गायिकेला नेहमीं एकटी गांठली होती, त्याच्यासमोर आतां दोघी बहिणी खांद्याला खांदा लावून बसल्या होत्या.

ह्याच्या नेमक्या उलट दिशेनें गेल्या त्या केसरबाई. कोल्हापुरांतील त्या आठ महिन्यांनंतर अनेक गुरूंकडे थोडथोडी विद्या मिळवीत त्या १९२१ सालीं अल्लादियाखांसाहेबांच्या गंडाबंध शिष्या झाल्या, आणि १९४६ सालीं खांसाहेब निवर्तले तोंपर्यंत ती तालीम सुटली नाहीं. इतक्या कष्टानें मिळविलेल्या विद्येचें मोल त्या पुरतें जाणून होत्या. हिराबाईंनीं दार उघडून लोकांना आंत घेतलें. केसरबाईंनीं दार आपल्या हातीं ठेवलें आणि ज्याला खरोखर ऐकावयाचें असेल त्यालाच आंत घेतलें. त्यांच्या बैठकींत गप्पा चालत नसत. बिदागी त्या सांगतील ती. ध्वनिमुद्रिका त्यांनीं मोजक्याच दिल्या. अडीच-तीन मिनिटांच्या तबकडींत मावेल असा राग त्यांच्यापाशीं नव्हता, आणि आपलें गाणें चहाच्या दुकानांत वाजावें हें त्यांना खपणारें नव्हतें. पुष्कळांना हा ताठा वाटला. परंतु ज्या वर्गांतील स्त्रियांना ‘गा’ म्हटलें कीं गावें लागे, त्या वर्गांतील एका स्त्रीनें ‘नाहीं’ म्हणावयाचा अधिकार मिळविला, हा त्या ताठ्याचा अर्थ होता. १९३८ सालीं रवींद्रनाथ ठाकुरांनीं त्यांच्या गाण्याचा गौरव केला. पुढें ‘सूरश्री’ ही पदवी त्यांच्या नांवापुढें कायमची लागली. १९६९ सालीं पद्मभूषणहि मिळालें. आणि आतां पुरे हें श्रोत्यांनीं म्हणण्याआधीं त्यांनीं स्वतः म्हटलें. गळा शाबूत असतांनाच त्या मैफलींतून निवृत्त झाल्या.

दैवाची गंमत अशी कीं, यंत्राला आपला स्वर देतांना हात आखडता घेणाऱ्या ह्याच बाईंची एक भैरवी १९७७ सालीं व्हॉयेजर नांवाच्या दोन अंतराळयानांवरील सोनेरी तबकडींत गेली. पहिलें यान २० ऑगस्टला उडालें, दुसरें ५ सप्टेंबरला. आणि १६ सप्टेंबरला केसरबाईंनीं इहलोक सोडला. ती भैरवी आज सूर्यमालेच्या ग्रहांपलीकडे निघून गेली आहे. तेथें श्रोता भेटेल न भेटेल, फर्माइश करणारा मात्र कोणी नाहीं.

अल्लादियाखांच्याच दुसऱ्या थोर शिष्या मोगूबाई कुर्डीकर ह्यांच्या वांट्याला हा मान इतक्या सहजपणें आला नाहीं. त्यांची मुलगी किशोरी आमोणकर तंबोऱ्यावर साथीला आईबरोबर गांवोगांव जात असे. तिसऱ्या वर्गाचा प्रवास, कोणाच्या तरी घरीं उतरणें, आणि तुटपुंजी बिदागी, हें सारें तिनें लहानपणीं पाहिलें. पुढें स्वतः मोठी झाल्यावर किशोरीताईंनीं ही आठवण अनेक मुलाखतींतून बोलून दाखविली, आणि आपण तसें होऊं द्यावयाचें नाहीं हें तेव्हांच ठरविलें असेंहि सांगितलें. त्यांच्या व्यासपीठावरील करारीपणाच्या कथा सर्वत्र सांगितल्या जातात. त्या सांगतांना तिसऱ्या वर्गाच्या डब्यांत तंबोरा सांभाळीत बसलेली ती लहान मुलगीहि आठवावी, म्हणजे कथा पुरी होते.

आणि कोल्हापूर? तेथील एका सुशिक्षित ब्राह्मण कुटुंबांत १९२७ सालीं धोंडूताई कुलकर्णी जन्मल्या. अशा घरांतील मुलीनें चारचौघांत गाणें हें तेव्हां बोल लावून घेण्यासारखें होतें. वडिलांनीं तो बोल सोसला आणि मुलीला अल्लादियाखांच्या घराण्याची तालीम देवविली. ती आठ वर्षांची असतांना नभोवाणीवर गायली. नत्थनखां, अल्लादियाखांचे चिरंजीव भूर्जीखां, मग लक्ष्मीबाई जाधव, आणि शेवटीं खुद्द केसरबाई, अशी तिच्या गुरूंची माळ आहे. विद्या देतांना हात राखून असलेल्या केसरबाईंनीं आपली गायकी जिच्या हवालीं केली ती ही कोल्हापूरची मुलगी. २०१४ सालीं धोंडूताई निवर्तल्या. एका पिढीपूर्वीं कलावंत घरांतील मुलीला मैफल ही जन्मानें लादलेली होती आणि ब्राह्मण घरांतील मुलीला जन्मानें बंद होती. ह्या गुरु-शिष्यांच्या जोडींत दोन्ही अडसर एकदमच निघाले.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नव्हे. ताराबाईंच्या मुलींची कथा ऐकतांना दूरच्या कोरिया देशांतील एका आईची आठवण होते. ली नान-यंग ही तेथील नामांकित गायिका. तिचे पति संगीतकार किम हे-साँग. १९५० च्या युद्धांत त्यांना उत्तरेकडे पळवून नेण्यांत आलें. मागें राहिलेल्या आईनें दोन मुली आणि एक भाची ह्यांना गावयास शिकविलें, आणि त्या तिघींनीं ‘किम सिस्टर्स’ ह्या नांवानें अमेरिकन सैनिकांच्या छावण्यांत कार्यक्रम सुरू केले. गाणीं इंग्रजी, भाषा येत नव्हती, म्हणून शब्द कानांनीं ऐकून पाठ केलेले. १९५९ सालीं त्या अमेरिकेंत गेल्या, लास वेगास येथें गायल्या, आणि एड सलिव्हन ह्यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांत वीसांहून अधिक वेळां झळकल्या. घर मोडलेलें, आई गायिका, आणि मुलींचा गळा हेंच भांडवल: मिरजेच्या घराशीं हें चित्र किती जुळतें!

आज त्याच देशांतील मुलींचे गट जगभर मोठमोठालीं मैदानें भरतात. ऑगस्ट २०१६ मध्यें पुढें आलेला ‘ब्लॅकपिंक’ हा चौघींचा गट अमेरिकेंतील कोचेला ह्या संगीतोत्सवांत २०१९ सालीं प्रथम गायला, आणि २०२३ सालीं तेथेंच तो मुख्य मानकरी ठरला. कोल्हापूरच्या कॉलेजांतील मुलीहि त्यांचीं गाणीं गुणगुणतात. दिवे, नाच, लाखोंचा समुदाय, सारें कांहीं दिवाणखान्याच्या बैठकीहून निराळें. तरी प्रश्न जुनाच राहिला आहे. तेथें मुलींना निवडणारी, शिकविणारी, गाणीं व वेष ठरविणारी कंपनी असते; जुन्या यजमानाच्या जागीं ती आली आहे. करारांच्या जाचाविषयीं इतकी ओरड झाली कीं, २००९ सालीं तेथील सरकारी व्यापार आयोगानें नमुन्याचा करार काढून त्याची मुदत सात वर्षांवर आणली. ‘ब्लॅकपिंक’च्या चौघींनीं सात वर्षें पुरीं झाल्यावर गट म्हणून जुन्याच कंपनीशीं करार केला, परंतु स्वतंत्र कामासाठीं त्यांच्यापैकीं तिघींनीं स्वतःच्या कंपन्या काढल्या. गटांत राहावयाचें, पण आपली मैफल आपल्या हातीं ठेवावयाची, हा मार्ग हिराबाईंना आणि केसरबाईंना सहज उमगला असता.

हिराबाई १९८९ सालीं गेल्या, सरस्वतीबाई २००६ सालीं. सुरेशबाबू व हिराबाई ह्यांच्यापाशीं शिकलेल्या प्रभा अत्रे ह्यांनीं ती परंपरा २०२४ च्या जानेवारीपर्यंत गाती ठेवली. आज कोल्हापुरांत किंवा मिरजेंत एखादी मुलगी व्यासपीठावर बसते, तंबोरा जुळविते, समोर आई-वडील, शेजारीपाजारी, वर्गांतल्या मैत्रिणी तिकिटें काढून बसलेल्या असतात, आणि ह्यांत कोणाला कांहीं विशेष वाटत नाहीं. विशेष न वाटणें हीच त्या बायांची कमाई होय. एकीनें तिकीट लावून ती मिळविली, दुसरीनें नकार देऊन, तिसरीनें सोसून. आणि ती पुढच्या मुलींना व्याजासकट मिळाली. त्या मुलीनें षड्ज लावला कीं मैफल कोणाची हें कोणी विचारीत नाहीं. जी गाते तिची.